‘आफ्रिका’ बाहीपट्टी खरी की बनावट? आधी उलटी बाजू बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: जर्मन सैन्याची ‘AFRIKA’ लिहिलेली कापडी बाहीपट्टी एकजण चाळीस हजारांना देतोय. विक्रेता म्हणतो, त्याचे आजोबा मराठा पलटणीत होते आणि १९४२ साली लिबियातल्या तोब्रुकला त्यांनी ती एका जर्मन कैद्याकडून घेतली. सोबत समोरच्या बाजूचे दोन फोटो आहेत. घ्यावी का?

आत्ता घेऊ नका. पट्टी बनावट आहे असं मी दोन फोटोंवरून म्हणणार नाही, पण ही गोष्ट मात्र जशी सांगितली तशी खरी असू शकत नाही.

‘आफ्रिका’ ही सन्मानपट्टी १५ जानेवारी १९४३ रोजी सुरू झाली. आफ्रिकेत सहा महिने सेवा झालेल्यांना किंवा तिथे जखमी झालेल्यांना ती मिळायची. म्हणजे १९४२ साली ती अस्तित्वातच नव्हती. दुसरं, तोब्रुक २१ जून १९४२ला पडलं तेव्हा कैदी झाले ते दोस्त राष्ट्रांचे सैनिक, आणि त्यात ११व्या भारतीय ब्रिगेडमधली मराठ्यांची दुसरी बटालियनही होती. जर्मन बाहीवरची पट्टी काढून घ्यायची ती वेळच नव्हती. त्या काळात जर्मनांच्या बाहीवर दिसायची ती ‘AFRIKAKORPS’ पट्टी. ती गडद हिरवी, १९४१ची, आणि सन्मान नव्हे तर दलाची खूण. हल्ली विक्रेते दोन्हींची सर्रास गल्लत करतात.

आता विक्रेत्याची बाजूही बघू. आजोबा इटलीत असतील तर पट्टी मिळणं अगदी शक्य आहे. ८व्या आणि १०व्या भारतीय डिव्हिजनमध्ये मराठा बटालियन होत्या. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांचे व्हिक्टोरिया क्रॉस इटलीतलेच. आफ्रिकेतून जखमी होऊन आधीच परतलेले जर्मन पुढे इतर आघाड्यांवर ही पट्टी लावून लढले. घरोघरी सांगताना इटलीचं तोब्रुक होतं, त्यात फसवणूकच असते असं नाही. म्हणून आजोबांच्या डिस्चार्जच्या कागदाचा फोटो मागा. बटालियन कळली की निम्मं काम झालं. पण खरी गोष्ट खोट्या पट्टीला चिकटवता येते, त्यामुळे शेवटी कापडच बघावं लागतं.

पैठणी घेताना जाणती बाई आधी पदर उलटा करते, तसंच इथे. सुलट बाजू नकलकारांना आता छान जमते. ‘आफ्रिका’ पट्टीचं मूळ कापड उंटाच्या रंगाचं, मऊ, लोकरीच्या पोताचं असतं. त्यावर अक्षरं आणि दोन्ही बाजूंचे खजूर रुपेरी करड्या धाग्यात यंत्राने भरलेले, आणि काठाला त्याच रंगाची किनार. उलट्या बाजूला बॉबिनचा, म्हणजे शिलाई यंत्राच्या खालच्या रिळाचा, धागा दिसतो. तो पांढराशुभ्र, चकचकीत आणि सगळीकडे एकसारखा ताणलेला असेल, किंवा अक्षरांच्या मागे पेपर फ्युजिंगचे (भरतकामाला आधार म्हणून मागून लावतात त्या कागदासारख्या अस्तराचे) तुकडे अडकलेले असतील, तर ती हल्लीच्या कॉम्प्युटर भरतकामाची करामत समजा.

जी पट्टी खरंच वापरलेली असते तिच्या दोन्ही काठांना टाक्यांची भोकं असतात, टोकं आत दुमडलेली असतात आणि दुमडीतला रंग बाहेरच्यापेक्षा ताजा असतो. उन्हाने बाहेरचं विटतं, आतलं तसंच राहतं. चहाच्या पाण्यात बुडवून जुनी केलेली पट्टी आतूनबाहेरून सारखीच पिवळट दिसते. कसरीची भोकं मात्र पुरावा धरू नका, भोकं कुणीही पाडू शकतो. उलट कोरी करकरीत पट्टी म्हणजे बनावटच असंही नाही, न वाटलेला साठाही बाजारात आलेला आहे.

नोटा तपासायच्या निळ्या टॉर्चबद्दल खूप गैरसमज आहेत. अंधारात टॉर्च मारल्यावर धागा निळसर पांढरा चमकला तर त्यात कपडे उजळवणारं रसायन आहे. हे रसायन घरोघरच्या धुण्याच्या पावडरीत युद्धानंतर आलं. म्हणून चमक दिसली की बहुतेक वेळा धागा नंतरचा असतो. पण खरी पट्टी कुणा काकूंनी १९७० साली पावडरीत धुतली असेल तर तीही चमकेल. आणि न चमकणारा सुती धागा आजही कुठेही मिळतो. त्यामुळे टॉर्चने संशय वाढतो, पट्टी खरी असल्याचा पुरावा मिळत नाही.

जाळून बघण्याचंही तसंच. मागून सुटलेला एखादा तंतू चिमट्यात धरून पेटवला तर सूत आणि रेयॉन कागदासारखे जळून राख होतात, लोकर केस जळाल्यासारखी वास मारते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. पॉलिस्टर १९४१ साली इंग्लंडमध्ये शोधलं गेलं आणि बाजारात युद्धानंतर आलं, तेव्हा धागा पॉलिस्टरचा निघाला की विषय संपला. राख झाली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. आणि हे दुसऱ्याच्या वस्तूवर करायचं नाही, हे सांगायला नको.

‘जितकं सुबक तितकं खरं’ हा समजही सोडा. ‘कुर्लंड’ पट्टी १२ मार्च १९४५ची. लाटव्हियात वेढल्या गेलेल्या सैन्यासाठी ती तिथल्याच मागावर विणली गेली. तिचं काम ओबडधोबडच असतं, आणि बाजारातल्या नकला मुळापेक्षा नीटनेटक्या असतात! क्रीट बेटावरच्या लढाईची ‘क्रेटा’ पट्टी पांढऱ्या कापडावर पिवळ्या भरतकामाची. पांढरं असल्याने तिच्यावर टॉर्च जरा अधिक उपयोगी पडतो. नेमबाजांचं गरुडाचं डोकं असलेलं कापडी चिन्ह, १९४४चं, कुणी दाखवलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: नाही. खरी इतकी कमी वाटली गेली आणि नकला इतक्या आहेत की नवख्याने तिकडे जाऊच नये.

‘आरझेडएम’चं (नाझी पक्षाच्या सामान-पुरवठा कचेरीचं) कागदी लेबल असल्याची जाहिरात दिसली तर सावध व्हा. ती पद्धत मुख्यतः पक्षाच्या आणि एसएस या त्याच्या सशस्त्र संघटनेच्या सामानाची. लष्कराच्या सन्मानपट्टीवर असं लेबल म्हणजे कुणीतरी जास्तच सजावट केली आहे.

एका भानगडीवर कुठलीच चाचणी चालत नाही. युद्ध संपल्याबरोबर तीच यंत्रं आणि उरलेला तोच धागा वापरून विजेत्या सैनिकांना आठवणीखातर विकायला माल केला गेला. तो १९४४चा की १९४६चा, हे कापडावरून सांगणारा मला अजून भेटलेला नाही. असा माल युद्धकाळाच्या भावाने घ्यायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मी घेत नाही.

तुम्ही आता इतकंच करा. विक्रेत्याकडून उलट्या बाजूचा पूर्ण लांबीचा फोटो, एका अक्षराचा मागून जवळून घेतलेला फोटो, दोन्ही टोकं, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून रुंदी दिसेल असा फोटो मागवा. सगळे दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता. रुंदी सव्वातीन सेंटिमीटरच्या आसपास हवी. धुऊ किंवा इस्त्री करू देऊ नका. रेयॉन ओलं झालं की कमजोर होतं. फोटो आले की इथेच टाका. मागची बाजू दाखवायला तो टाळाटाळ करू लागला, तर चाळीस काय, चार हजारांनाही घेऊ नका.