पाच फंक्शनं, एकच टाइमआउट

‘एक रिव्ह्यूअर म्हणतो कॉपी-पेस्ट काढ, दुसरा म्हणतो “तिकडे पाहा” लिहू नकोस, कोणी तिकडे जात नाही. मला डॉक्युमेंटेशन जमतच नाही बहुतेक.’ ही तक्रार होती पायथनवर काम करणाऱ्या एका डेव्हलपरची. तिच्या लायब्ररीत सर्व्हरशी बोलणारी पाच फंक्शनं: आण, पाठव, बदल, खोड, तपास. पाचांच्याही डॉकस्ट्रिंगमध्ये, म्हणजे फंक्शनसोबत लिहिलेल्या वर्णनात, टाइमआउटवरचा (उत्तराची किती वेळ वाट पाहायची त्यावरचा) ११ ओळींचा तोच मजकूर. डीफॉल्ट, म्हणजे काही न सांगता लागू होणारा टाइमआउट, ३० सेकंदांवरून १० झाला तेव्हा आकडा तीन ठिकाणी बदलला, दोन ठिकाणी राहून गेला.

जमत नाही असं काही नव्हतं. दोघेही रिव्ह्यूअर अर्धे बरोबर होते.

नुसता संदर्भ देऊन काय होतं, ते वेबवरून माहिती आणणाऱ्या रिक्वेस्ट्स या पायथन लायब्ररीत दिसतं. तिथे गेट या फंक्शनची डॉकस्ट्रिंग उरलेल्या आर्ग्युमेंट्सबद्दल (फंक्शनला द्यायच्या मूल्यांबद्दल) एवढंच सांगते, की रिक्वेस्ट फंक्शन घेतं ती सगळी चालतात. नीटनेटकं आहे. पण टाइमआउट दिला नाही तर ही लायब्ररी आपणहून वाट पाहणं सोडत नाही, हे गेटवर कर्सर ठेवणाऱ्याला कळतच नाही. कळतं ते प्रोग्रॅम लटकल्यावर.

उलट पायथनच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये मजकुराच्या डाव्या आणि उजव्या टोकाची अक्षरं काढणाऱ्या एलस्ट्रिप आणि आरस्ट्रिप या दोन्हींखाली तीच ताकीद पुन्हा छापली आहे: दिलेली अक्षरं हा एक संच आहे, सलग तुकडा नव्हे. ‘नवनगर’मधला ‘नव’ एलस्ट्रिपने काढायला जा, उरतं ‘गर’. तिसरं अक्षर ‘न’ही संचात बसतं ना! सलग तुकडाच काढायचा असेल तर ३.९ आवृत्तीत आलेल्या रिमूव्हप्रीफिक्सकडे एका ओळीत बोट दाखवलंय.

मग तिच्या पाचही डॉकस्ट्रिंग शेजारी शेजारी ठेवून प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारला: हे न वाचता फंक्शन वापरलं तर नुकसान होईल का? सगळीकडे ठेवण्याजोगी निघाली एकच ओळ: मर्यादा सेकंदांत द्यायची. कनेक्शन आणि वाचन यांच्या मर्यादा वेगळ्या कशा मोजतात, हे सगळं एका पानावर गेलं. दुव्यावरही ‘अधिक माहिती’ असं मोघम न लिहिता ‘कनेक्शन व वाचनाची मर्यादा’ असं लिहिलं. डीफॉल्टचा आकडा हाताने लिहिणं बंद. तो सिग्नेचरमध्ये, म्हणजे फंक्शनचं नाव आणि आर्ग्युमेंट्स असलेल्या ओळीत, दिसतोच.

खरी चूक मात्र वेगळीच सापडली. टाइमआउट झाला तरी ‘पाठव’ची नोंद सर्व्हरवर पोचलेली असू शकते, पुन्हा पाठवलं तर ती दोनदा होईल. ‘आण’ला ही भीती नाही. एकसारख्या मजकुरात हा फरक कुठेच नव्हता.

राहिलेली सामाईक ओळ तिने एफ-स्ट्रिंगने (आत मूल्यं भरता येणाऱ्या मजकुराने) भरून पाहिली, तर हेल्पमध्ये मजकूर गायब. पायथन एफ-स्ट्रिंगला डॉकस्ट्रिंग मानत नाही. डेकोरेटरने (फंक्शनला बाहेरून जोडायच्या कोडने) भरता येते, पण कोड न चालवता वाचणाऱ्या एडिटरला कच्चा साचाच दिसतो. एका ओळीसाठी एवढा खटाटोप कशाला? ती पाच वेळा हातानेच लिहिली.