एका घरात दोन मतं आणि बंद पडलेली प्रार्थना

"ताई, घरात राजकारण शिरलं आणि संध्याकाळची प्रार्थना बंद पडली. माझ्याच विश्वासात काही कमी आहे का?" नाशिक रोडच्या एका आईचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) अलीकडे हाच प्रश्न मला बऱ्याच ख्रिस्ती कुटुंबांकडून ऐकायला मिळतो, म्हणून सविस्तर लिहिते.

वडील निवृत्त, नोकरीत असताना युनियनचं काम केलेले, आता चर्चच्या मंडळीच्या कमिटीवर. मुलगा सातपूरच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार. जेवताना टीव्हीवर चर्चा लागली की वाद पेटायचा. वडील बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 13वा अध्याय काढायचे, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा म्हणायचे. मुलगा विचारायचा, "मग पप्पा, येशूने मंदिरात सराफांचे चौरंग पालथे का केले?" दोघं वचनांनीच भांडत होते. मधे बसलेल्या आईला रात्र रात्र झोप नव्हती.

आईला मी आधी एवढंच सांगितलं की भीती वाटणं म्हणजे अविश्वास नव्हे. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच "हे परमेश्वरा, कोठवर?" अशी आहे आणि तीही प्रार्थनाच आहे. मग बापलेकांना बोलावलं.

अट एकच घातली. पक्षाचं आणि नेत्याचं नाव न घेता, तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते ते सांगा. एकजण बोलेल तेव्हा दुसऱ्याने मधे पडायचं नाही.

वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, 2011च्या जनगणनेत राज्यात आपण जेमतेम 1 टक्का. घरी प्रार्थनासभा असली की आता मी खिडक्या लावून घेतो. पोरगा मोबाइलवर काहीबाही पुढे पाठवतो, उद्या कोणी बोट दाखवलं तर? मुलाने हे पहिल्यांदाच ऐकलं. त्याला ते भित्रेपण वाटत होतं. त्यामागे आपलीच काळजी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

वडिलांची भीती खोटी नाही, ती मी पुसून टाकली नाही. संविधानाचं 25वं कलम सद्सद्विवेकबुद्धीचं आणि धर्म आचरण्याचं स्वातंत्र्य देतं, ते त्यांच्यासमोर वाचलं. मुलाशी ठरलं की खात्री नसलेला एकही व्हिडिओ पुढे जाणार नाही, आणि टीव्हीवरच्या बातम्या दिवसातून एकदाच, जेवणाच्या वेळी नाही.

मुलाची भीती वेगळीच निघाली. पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला पीएफ कापलेला दिसतो, पण पासबुकात कित्येक महिन्यांची नोंदच नाही. ठेकेदाराला विचारलं तर "काम सोडायचंय का?" वय वाढतंय, लग्नाचं बोलणं दोनदा मोडलं. त्याने मोबाइलवर पासबुक उघडून वडिलांपुढे धरलं. वडिलांनी चष्मा लावला, स्लिपा मागितल्या आणि महिन्यामागून महिना जुळवत बसले. मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर कामगाराचे 12 टक्के कापायचे आणि मालकानेही तेवढेच घालायचे, हा हिशोब त्यांना तोंडपाठ होता. इतके महिने मुलगा ज्या माणसाशी सरकारवरून भांडत होता, त्याच माणसाला त्याच्या प्रश्नाची सगळ्यांत जास्त माहिती होती.

तेव्हा मी याकोबाच्या पत्राचा 5वा अध्याय काढून दिला. कामकऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि तो आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी गेला आहे, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्या, हा जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातला नियम तर त्याहून जुना. विश्वासणाऱ्याने पैशाच्या, कायद्याच्या भानगडीत पडू नये असं मानणाऱ्यांना मी ही वचनं मुद्दाम दाखवते. नाशिककर ख्रिस्ती माणसाने तर शरणपूर आठवावं. गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तिथल्या मिशनने आसरा दिला, शिकवलं. त्यांतलाच जेकब वेनराइट 1874 साली आफ्रिकेत काम केलेल्या लिव्हिंग्स्टन या मिशनरी-संशोधकाच्या शवासोबत इंग्लंडला गेला. गुलामांचा व्यापार हा त्या काळचा राजकीय प्रश्नच होता, आणि त्याची झळ सोसलेली माणसं आपल्या गावात राहून गेली.

पण मत एकच असलं पाहिजे असंही शुभवर्तमान सांगत नाही. बारा शिष्यांत रोमी सत्तेच्या छत्राखाली वसुली करणारा मत्तय जकातदार होता आणि जिलोत म्हटलेला शिमोनही होता. जिलोत म्हणजे परकी सत्तेचे कट्टर विरोधक. अशा दोघांना येशूने एका पंक्तीला बसवलं. आम्ही बोललो त्यातलं हेच त्या आईला सगळ्यांत जास्त लागू पडलं. नवरा आणि मुलगा वेगळं मत देतील, तरी घर मोडणार नाही, असं ती स्वतःच म्हणाली.

पुढच्या आठवड्यात बापलेक स्लिपा घेऊन भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयात गेले, तक्रार दिली. निकाल अजून लागलेला नाही. प्रार्थना रोज होत नाही, शनिवारी होते. वडिलांनी पाळकसाहेबांशी बोलून एक सोय मात्र केली आहे: रविवारच्या उपासनेनंतर मंडळीतल्या कंत्राटी पोरांची पासबुकं ते स्वतः तपासून देतात.