गावाची खरी लोकसंख्या कोणती?

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील एका लहान गावात शिक्षिका आहे. शाळेसाठी गावाची माहिती-पुस्तिका तयार करताना २०११ च्या जनगणनेचा आकडा आणि मतदारयादी यांचा मेळ बसत नाही. एकट्या मतदारांचीच संख्या जनगणनेतील एकूण माणसांच्या जवळपास भरते. शिवाय मी काढलेली साक्षरता अधिकृत टक्केवारीपेक्षा कमी येते. कोणता आकडा खरा धरावा?

उत्तर : साक्षरतेचा उलगडा सोपा आहे. सात वर्षांखालील मूल शाळेत जात असले, तरी जनगणना त्याला साक्षर धरत नाही, आणि टक्केवारी काढताना ० ते ६ वयाची मुले एकूण संख्येतून वजा करते. समजा, गावात ६१२ माणसे, त्यांत लहान मुले ७२ आणि साक्षर ३७८ आहेत. तर ६१२ ने नव्हे, ५४० ने भागायचे. मग ६२ ऐवजी ७० टक्के येतात.

लोकसंख्येचे तसे नाही. २०११ ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, आणि हा संपूर्ण काळ जो घराबाहेर होता, त्याची नोंद घरी न होता तो असेल तेथे व्हायची होती. आपल्या भागात याचा अर्थ काय होतो, हे आपण जाणताच. दिवाळीच्या सुमारास कोयते, म्हणजे ऊसतोडणी करणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, बाहेर पडतात, ते साखर कारखान्यांचे गाळप संपल्यावरच परततात. त्यामुळे प्रगणक येतो तेव्हा घरात आजी-आजोबा आणि शाळेसाठी मागे ठेवलेले एखादे नातवंड एवढेच असतात. आईवडील आणि कडेवरचे मूल मोजायचे असते ते कारखान्याच्या तळावरील कोपीत (तात्पुरत्या झोपडीत), म्हणजे दुसऱ्याच गावाच्या हिशेबात. तेथेही कोणी पोहोचले नाही, तर ते मूल कुठल्याच गावाचे राहत नाही, आणि मला हे फार लागते. उलट पुण्याला कायमच्या गेलेल्यांची नावे मतदारयादीत वर्षानुवर्षे तशीच राहतात.

पुस्तिकेत अधिकृत म्हणून जनगणनेचाच आकडा वर्षासह द्यावा आणि शेजारी हंगामी स्थलांतराची नोंद करावी. हा आकडा महसुली गावाचा असतो. गटग्रामपंचायत, म्हणजे अनेक गावांची मिळून एक ग्रामपंचायत असेल, तर सर्व गावांची बेरीज करावी लागेल. जनगणनेचा आकडा कमी पडल्याचा परिणाम कारभारावरही होतो : १५०० पर्यंत लोकसंख्या असल्यास ग्रामपंचायतीत सात सदस्य, त्यापुढे ३००० पर्यंत नऊ.

आपण विचारले नाही, तरी मुलींच्या प्रमाणाबद्दल सांगतो. वरच्या ७२ मुलांत ४१ मुलगे आणि ३१ मुली असतील, तर दर हजार मुलग्यांमागे ७५६ मुली होतात. आणखी तीन मुली असत्या, तर हेच प्रमाण ८२९ झाले असते. एवढ्या लहान संख्येवरून गावाला दोष देऊ नये. मात्र २०११ मध्ये बीड जिल्ह्याचे प्रमाण ८०७, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होते, आणि जिल्ह्याच्या संख्येला ही सबब लागू होत नाही.

पुढच्या जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ आहे, म्हणजे गणती पुन्हा ऐन गाळपातच येते. त्याआधीच्या दिवाळीत, कोयते निघण्यापूर्वी, वाड्या-तांड्यांसह घरोघरची यादी करून ठेवावी आणि कोणते कुटुंब कोणत्या कारखान्याकडे जाते, हे तिच्यात लिहावे. निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला, तळावर प्रगणक आल्यास लहान मुलांसह सगळ्यांची नावे सांगा, असे आवर्जून बजावावे.