उद्याचे विधान आज खरे असते का?

प्रश्न : २०५० पर्यंत मुंबई आणि नवी मुंबईचा मोठा भाग पाण्याखाली जाईल, असे दाखवणारा एक नकाशा २०१९ साली गाजला होता. आमच्या सोसायटीत त्यावरून अजून वाद होतात. कोणी तो सत्य मानतो, कोणी थोतांड. जे घडलेलेच नाही, त्याविषयीचे विधान आज खरे किंवा खोटे असू शकते का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : ‘उद्या सागरी लढाई होईल’ हे विधान आजच खरे असेल, तर ती टाळण्यासाठी खलबते कशाला करायची, हा पेच ॲरिस्टॉटलने मांडला होता. लढाई होईल किंवा होणार नाही, एवढेच आज खात्रीने म्हणता येते, असा त्याच्या उत्तराचा रूढ अर्थ आहे. मला मात्र आपल्या नैयायिकांचे, म्हणजे न्यायदर्शनातील तर्कपंडितांचे, म्हणणे इथे अधिक उपयोगाचे वाटते. जेथे अग्नी तेथे धूर, हे अनुमान ते सदोष ठरवतात, कारण धूर निघण्यासाठी इंधन ओले असावे लागते. ही न सांगितलेली अट म्हणजे उपाधी.

नवी मुंबईत अशा अटी कशा गुंतलेल्या असतात, ते वाशीच्या धारण तलावांवर पाहता येते. भरती आली की खाडीच्या दाबाने त्यांची झडपदारे मिटतात, पावसाचे पाणी आत साठते आणि ओहोटीला बाहेर पडते. भरतीची वेळ काही वर्षे आधी छापता येते. पावसाचे तसे नाही : १९६१ मध्ये हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांनी हवामानाचा हिशेब करणाऱ्या संगणकात ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा भरला, तर काही काळाने हवामानाचे चित्र पार वेगळे निघाले. त्यातच तलावात गाळ साचतो, गाळात कांदळवन रुजते, कांदळवन आणखी गाळ अडवते आणि साठवणक्षमता घटत जाते; शिवाय कांदळवनाला कायद्याचे संरक्षण असल्याने ते सहजासहजी हटवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पाणी तुंबेल की नाही हे यांतील कोणत्याही एका कारणावरून सांगता येत नाही, कारण प्रत्येक कारण दुसऱ्याला बदलत असते.

आता नकाशाकडे वळू. जमिनीची उंची आणि समुद्राची वाढती पातळी यांवरून कोणता भाग वार्षिक पूरपातळीच्या खाली येईल, एवढेच त्याने दाखवले होते. किनाऱ्यावरचे बांध आणि इतर संरक्षण त्यात धरलेले नव्हते. म्हणजे तो अमुक अटींवरचा हिशेब होता, आणि गाजावाजात त्या अटीच गळाल्या. थोतांड म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की, समुद्राची पातळी वाढते आहे हे मोजमापांनी सिद्ध झालेले आहे. शिवाय असे भाकीत वाचून लोक बांध घालतात, गाळ काढतात आणि मग पाणी चढत नाही, तेव्हा भाकीत फसले असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते खोटे पाडायचे असेल, तर सगळ्या अटी तशाच राहूनही पाणी चढले नाही, हे दाखवावे लागेल.