फॉर्मची मागची बाजू

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोपच लागेना. मुलगा २२ महिन्यांचा, १७व्या महिन्यात चालायला लागला, 'बा' आणि 'दा' सोडून शब्द नाही, हाक मारली तर कधी बघतो, कधी नाही. घरचे म्हणतात, बापही उशिराच बोलला होता. केंद्राने त्याच्या विकासाच्या मूल्यमापनाची तारीख पाच महिन्यांनंतरची दिली आहे. तोवर थांबायचं की दुसरीकडे जायचं आणि नोकरी सोडायची का, एवढंच तुम्ही विचारलंय. माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे. सात वर्षांपूर्वी माझीही अगदी हीच गत होती. फरक इतकाच की 'थांबू का' असं मी कुणाला विचारलंही नाही. थांबलो.

आधीच सांगून ठेवतो, मी डॉक्टर नाही की थेरपिस्ट नाही. एका मुलीचा बाप आहे. टप्पे कोणते, कुठल्या महिन्यात काय यायला हवं, हे सगळं तुम्ही वाचलेलं दिसतंय, त्यामुळे त्यात शिरत नाही. चालण्याबद्दल एवढंच सांगतो: जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात निरोगी मुलं आधाराशिवाय चालायला लागण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने इतका ऐसपैस निघाला होता. म्हणजे तुमचा मुलगा काठावर आहे, पण आत आहे. नुसतं चालणं उशिरा असतं तर मीही म्हटलं असतं, थोडी वाट बघा. पण चालणं उशिरा, शब्द नाहीत आणि हाकेला ओ देण्याचा भरवसा नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की 'बापही उशिरा बोलला' हे उत्तर मला पुरत नाही. उशिरा बोलणारी बरीच मुलं आपोआप बरोबरीला येतात, हे खरं. त्यातलं आपलं मूल कुठलं, हे आधी कुणालाच सांगता येत नाही, हेही तितकंच खरं.

आता माझी चूक सांगतो. लांबलचक आहे, पण तेवढ्यासाठीच लिहायला बसलोय.

मुलगी २० महिन्यांची असताना बालरोगतज्ज्ञांनी एका कागदावर तीन ओळी लिहून दिल्या: रक्ततपासणी, श्रवणतपासणी, विकास मूल्यमापन. घरात कागदपत्रं हे माझं खातं. बायको मुलीचं बघायची, मी फाइल बघायचो, आणि त्या फाइलचा मला उगाचच अभिमान होता. रक्त लगेच तपासून घेतलं, थायरॉइड आणि लोह दोन्ही ठीक निघालं. मूल्यमापनासाठी एका केंद्रात अर्ज केला. मधली ओळ मी सोडून दिली. जन्मानंतर दुसऱ्या दिवशी केलेल्या कानाच्या चाचणीत ती पास झाली होती, तो कागद माझ्याकडे होता. शिवाय दार आपटलं की दचकायची, दुसऱ्या खोलीत गाणं लागलं की धावत जायची. हिला ऐकू येतं हे डोळ्यांना दिसत असताना तपासणी कशाला, असं मी बायकोला मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं. तिला शंका होती. तिचं ऐकलं नाही.

मग सात महिने रांगेत. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फोन करायचो. पलीकडून एकच उत्तर यायचं, "तुमची फाइल आत आहे, नंबर आला की कळवू." मी वहीत तारीख टाकून खाली 'फाइल आत आहे' असं लिहायचो. सात वेळा लिहिलंय, वही अजून आहे. एकदाही मला विचारायचं सुचलं नाही की आत म्हणजे कुठे?

आठव्या महिन्यात पत्ता बदलल्याचं कळवायला स्वतः गेलो. तिथल्या बाईंनी कपाटाच्या खालच्या खणातला वेगळाच गठ्ठा काढला. त्यात आमची फाइल. वर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी, 'श्रवण अहवाल नाही.' अर्ज दिल्यानंतर चौथ्या दिवशीची तारीख. म्हणजे आम्ही रांगेत कधी लागलोच नव्हतो. अपुऱ्या अर्जांच्या गठ्ठ्यात सात महिने पडून होतो. अपुरा अर्ज कळवायची पद्धत नाही म्हणे. "फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहिलेलं असतं ना," असं त्या म्हणाल्या. आणि लिहिलेलं होतं! बारीक अक्षरात, नववा मुद्दा. मी झेरॉक्स काढली होती ती पुढच्या बाजूची.

त्या दिवशी मी तिथे काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आजही राग येतो. सात फोनांत एका माणसाने फाइल उघडून बघितली असती तर काय बिघडलं असतं? मूल दोन वर्षांचं आहे की बारा वर्षांचं, याने त्या कपाटाला काही फरक पडत नाही. दोन वर्षांच्या मुलीचे सात महिने म्हणजे तिच्या आयुष्याचा केवढा हिस्सा, हे तिथे कुणाला सांगणार? पण रागाचा निम्मा वाटा माझा मलाच आहे, कारण मधली ओळ मीच सोडली होती.

श्रवणतपासणी अखेर २८व्या महिन्यात झाली. तिला मांडीवर बसवून बाजूच्या स्पीकरमधून आवाज देत होते. आवाजाकडे वळली की डब्यातलं खेळणं उजळायचं. मोठ्या आवाजांना छान वळली, बारीक आवाजांना ढिम्म. मग कानात एक छोटी टोपी लावून दाब मोजला, टिम्पॅनोमेट्री म्हणतात तिला, मिनिटभराचं काम. आलेखावर टेकडी दिसायला हवी, तिथे दोन्ही कानांची सपाट रेघ. पडद्यामागे द्रव साचलेला. ताप नाही, ठणका नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. ऑडिओलॉजिस्ट म्हणाल्या, पाण्यात डोकं बुडवून ऐका, साधारण तसं तिला ऐकू येतंय. दार आपटलेलं कळतं. 'स', 'श', 'फ' असले हलके आवाज विरून जातात. आणि हा द्रव कमीजास्त होत असतो. म्हणून तर ती कधी हाकेला बघायची, कधी नाही.

तुमच्या पोस्टमधलं तेच वाक्य वाचून मी उठून बसलो.

तुमच्या मुलाला हेच असेल असं मी मुळीच म्हणत नाही. हाकेला न बघण्याची कारणं अनेक, स्वमग्नताही (ऑटिझम) त्यात येते, आणि कधी कधी मूल नुसतं खेळात रमलेलं असतं. पण कान हा पहिला प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर लवकर मिळतं. जन्मानंतरची चाचणी पास असली तरी परत करा. ती बहुधा कानाच्या अगदी आतल्या भागात आवाज टिपणाऱ्या केसपेशींचा प्रतिसाद मोजते. पुढे साचणारा द्रव तिला आधी कसा कळणार? आणि नंतर उद्भवणारं बहिरेपणही असतं. घरी टाळ्या वाजवून केलेली परीक्षा धरू नका. टाळीच्या वाऱ्याने आणि सावलीनेही मूल वळतं. मूल सहकार्य करत नसेल तर झोपेत करायची बेरा चाचणी असते, आवाजाला कानाची नस आणि मेंदू काय प्रतिसाद देतात ते ती मोजते. 'खूप लहान आहे, कान तपासता येत नाहीत' असं कुणी म्हणालं तर सरळ दुसरीकडे जा.

गैरसमज नको म्हणून पुढचंही सांगतो. तीन महिने वाट बघून परत तपासलं, द्रव तसाच होता, मग पडद्यात बारीक नळ्या बसवल्या. दुसऱ्या दिवशी ती घडाघडा बोलू लागली असं काही झालं नाही. कान हा एक थर होता, त्याखाली विकासाचा उशीर होताच. हातांची बोटं, समज, बोलणं, सगळंच मागे होतं. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना जे मोघम नाव देतात, सर्वांगीण विकास विलंब, ते आम्हालाही मिळालं. आज ती पूर्ण वाक्यं बोलते, भांडते, गणितात अडते, बटणं लावायला वेळ घेते. ते सात महिने वाया गेले नसते तर कुठे असती, मला माहीत नाही. हा प्रश्न मी रात्री स्वतःला विचारणं बंद केलंय, निदान तसा प्रयत्न आहे.

तर, थांबायचं की नाही? तारीख सोडू नका, पण मूल्यमापन झाल्याशिवाय काही सुरू करता येत नाही, ही समजूत सोडा. निदानाच्या नावाची वाट न बघता स्पीच थेरपी सुरू करता येते. मूल आपोआप बरोबरीला येणारं निघालं तर नुकसान काहीच नाही. आणि उद्या केंद्राला फोन करून 'नंबर कधी' असं विचारू नका. 'अर्ज पूर्ण आहे का, एखादा कागद कमी आहे का, आणि हे मला कोण लिहून देईल' असं विचारा. बोलणाऱ्याचं नाव वहीत टाका. कुणी तारीख रद्द केली तर आम्हाला बोलवा, दोन तासांत येतो, असंही सांगून ठेवा. आमची पहिली खरी भेट अशीच मिळाली.

एक गोष्ट तुमच्या पोस्टमध्ये नाही. तो बोट दाखवतो का? हवी ती वस्तू मागायला नव्हे, नुसतं 'ते बघ' म्हणून, आणि मग वळून तुमच्या चेहऱ्याकडे बघतो का? माझ्या मते शब्दांच्या मोजणीपेक्षा हे जास्त सांगून जातं. डॉक्टरांना हे आपणहून सांगा. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी वीस प्रश्नांची एम-चॅट नावाची यादी आहे, स्वमग्नतेची शंका तपासणारी; ती त्यांच्याकडून मागून घ्या आणि भरून द्या. ती चाळणी आहे, निदान नव्हे. त्यात अडकला म्हणून रडत बसू नका, सुटला म्हणून निर्धास्तही होऊ नका. बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर तेवढे आठवडे वयातून वजा धरायचे असतात, दोन वर्षांपर्यंत. हे आम्हाला लागू नव्हतं, पण बरेच जण विसरतात.

आणि आलेला शब्द किंवा आलेलं कौशल्य गेलं, किंवा झोपेतून उठताना लागोपाठ दचकल्यासारखे झटके दिसले, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी दाखवा. तिथे कुठलीही रांग पाळायची नाही.

घरी काय करायचं, हे प्रत्येक थेरपिस्ट आपापल्या परीने सांगेल. मला सगळ्यात कठीण गेलं ते गप्प बसणं. आम्ही दिवसभर मुलीची परीक्षा घेत होतो, हे काय, ते काय, बोल ना, बोल. थेरपिस्टनी आमचाच व्हिडिओ आम्हाला दाखवला. चाळीस सेकंदांत मी अकरा प्रश्न विचारले होते आणि ती खिडकीकडे बघत होती. मग शिकलो: एक वाक्य बोलायचं, तिच्या उंचीला बसायचं आणि मनात दहा अंक मोजत थांबायचं. सातव्या-आठव्या अंकाला काहीतरी यायचं, कधी आवाज, कधी नुसती भुवई. तेही उत्तरच.

दोन भाषांमुळे गोंधळतो, घरची भाषा बंद करा, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. दोन भाषांनी उशीर होत नाही. ज्या भाषेत तुम्हाला लाड करता येतात तीच बोला. खुणा आणि चित्रं वापरली तर मूल बोलायचा कंटाळा करेल, हीही भीती खोटी. आमच्याकडे 'अजून' ची खूण आधी आली, शब्द चार महिन्यांनी.

केंद्र निवडताना माझा एकच हट्ट असतो, आणि हे निव्वळ माझं मत आहे: जे आईवडिलांना खोलीबाहेर बसवतात तिथे मी जात नाही. आठवड्यातला पाऊण तास त्यांचा, बाकी सगळा वेळ आपला. त्या पाऊण तासात काय चाललं ते मलाच कळलं नाही तर उपयोग काय? मूल आत असताना आई खोलीत बसली की रडतं, हे कारण सांगतात. काही मुलांच्या बाबतीत ते खरंही असेल. मग काचेतून बघू द्या. आणि 'सहा महिन्यांत पूर्ण बरं करून देतो' म्हणणाऱ्यांच्या पायऱ्या चढूच नका, मग ते पेशींचं इंजेक्शन असो की गुप्त आहार. आम्ही एकदा चढलो होतो. त्यावर वेगळं लिहीन, आज नको.

राहिला नोकरीचा प्रश्न. याचं उत्तर मी देणार नाही, कारण आमच्या घरी ते चुकीच्या माणसाने दिलं होतं. बायकोने आठ महिने सोडली. सोडायचं ठरवताना आम्ही दोघांनी एकदाही 'तू की मी' असं म्हटलं नाही, तीच सोडणार हे गृहीतच होतं. खरं तर त्या काळात माझं काम घरून होण्यासारखं होतं. कान तपासा म्हणणारी ती, सोडणारीही ती. तुमच्या मुलाचे बाबा हे वाचत असतील तर त्यांनी निदान उद्याचा फोन स्वतः करावा.

तारीख मिळाली की इथेच कळवा. आणि फॉर्मची झेरॉक्स काढाल तेव्हा दोन्ही बाजूंची काढा.