‘फॉर्म भरला की शिक्का बसणार’

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी आईसोबत माझ्याकडे आला होता. (त्याची ओळख उघड होऊ नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) एका पायात जन्मापासून दोष असल्याने तो कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट, वापरतो. खुर्चीत बसताना त्याची पँट थोडी वर सरकली, तेव्हा कॅलिपरचा तुटलेला पट्टा सुतळीने बांधलेला दिसला. फी भरताना घराची ओढाताण होत असूनही मुलगा दिव्यांगांसाठीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला तयार नाही, ही आईची काळजी होती. “मॅडम, एकदा तो फॉर्म भरला की माझ्यावर शिक्का बसणार,” एवढेच तो म्हणाला.

पूर्वी अशा वेळी मी लगेच नियम समजावून सांगत असे. मुलांना ते पटत, पण अर्ज तसाच पडून राही. म्हणून या वेळी मी आधी त्या भीतीबद्दलच विचारले. महाविद्यालयात भरल्या रांगेत खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने “अपंगाचा फॉर्म कुणाचा?” असे मोठ्याने विचारले होते आणि हा मुलगा कागद हातात घेऊन तसाच परतला होता. त्या प्रसंगात चूक त्याची नव्हती, हे त्याला कुणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवे होते. ते मी सांगितले.

मग त्याला महिनाभराचा असा खर्च लिहून आणायला सांगितले, जो त्याच्या मित्रांना करावा लागत नाही. मित्र चालत जातात तिथे लागणारी रिक्षा, कॅलिपरला जोडायचे खास बूट, जिना चढावा लागू नये म्हणून तळमजल्यावर घेतलेल्या खोलीचे जास्तीचे भाडे, असे वहीचे एक पान पूर्ण भरले. हा सगळा भार आजवर वडिलांच्या पगारातून निघत होता. दिव्यांगत्वाचा खर्च एकट्या कुटुंबाने सोसायचा नसतो, या विचाराला 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचा आधार आहे, आणि शिष्यवृत्तीकडे दया म्हणून पाहणे मला म्हणूनच चुकीचे वाटते.

आईला दुसरी शंका होती. कारखान्यात लिपिक असलेल्या वडिलांचे वार्षिक उत्पन्न साडेपाच लाखांच्या घरात असल्याने, केंद्राच्या मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या शिक्षणासाठीच्या) शिष्यवृत्तीची अडीच लाखांची मर्यादा पाहून त्यांनी आशाच सोडली होती. मात्र तंत्रशिक्षण घेणाऱ्या, किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी ‘एआयसीटीई’ची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) ‘सक्षम’ ही वेगळी शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्नमर्यादा आठ लाख असून वर्षाला 50 हजार रुपये मिळतात. एका योजनेत बसत नाही म्हणून सगळेच दरवाजे बंद झाले, असे धरून चालणारे पालक मला वारंवार भेटतात.

पुढचे काम कागदपत्रांचे होते. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढला. बँक खाते आधारशी जोडलेले आहे ना, हेही आधीच तपासून घेतले, कारण रक्कम थेट खात्यात येते. अर्जाची पडताळणी महाविद्यालयाकडून व्हावी लागते, म्हणून मुलाच्या संमतीने मी प्राचार्यांशी बोलले आणि खिडकीऐवजी कार्यालयात बसून कागद देण्याची सोय झाली.

अर्ज त्याने स्वतः भरला. रक्कम यायला काही महिने जातात. तोवर पट्ट्यासाठी थांबू नका, असे मी आईला बजावले होते. पुढच्या भेटीला तो आला, तेव्हा कॅलिपरला नवा पट्टा होता.