इमर्जन्सीमध्ये आपल्यानंतर आलेल्या पेशंटला नर्स आधी आत का घेतात?

कारण तिथे नंबर येण्याच्या वेळेवरून लागत नाही, जीवाला किती धोका आहे त्यावरून लागतो. या छाननीला ट्रायाज म्हणतात. मी इमर्जन्सीत नर्स आहे आणि माझी अर्धी ड्यूटी त्यातच जाते. पेशंट दारातून येतानाच आमचं बघणं सुरू होतं: एका दमात पूर्ण वाक्य बोलतोय का, ओठ निळसर दिसताहेत का, शर्ट घामाने भिजलाय का. मग नाडी, बीपी, श्वासाचा वेग, ऑक्सिजन. त्यावरून बऱ्याच ठिकाणी १ ते ५ पैकी एक पातळी देतात. १ म्हणजे या क्षणी उपचार हवेत. छातीत दुखत असेल तर आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी निघायला हवा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून ४.५ तासांच्या आतच देता येतं. म्हणून तोंड वाकडं झालेले, शांत बसलेले आजोबा मनगट मोडून कळवळणाऱ्या तरुणाच्या पुढे जातात. (ओरडणाऱ्यापेक्षा गप्प पडलेल्या पेशंटची आम्हाला जास्त धास्ती!) मात्र ही पातळी कायमची नसते. बसल्या बसल्या धाप लागली, गरगरलं, दुखणं वाढलं किंवा रक्त पुन्हा वाहू लागलं तर 'आपला नंबर येईलच' म्हणून थांबू नका, लगेच नर्सला सांगा. पुन्हा तपासतात, आणि नंबर वर सरकू शकतो.